थान मावशींची बरणी आणि माझा हातगुण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक माननीय लुओ सर. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, पुढच्या सत्रापासून आपल्या शाळेला जेवू घालणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक श्रीयुत मेंग. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या स्वयंपाकघरातल्या थान मावशी. माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले आपले निवृत्त गुरुजन, सर्वांना नमस्कार. माझ्यासाठी गरम पाण्याचा पेला ठेवलात, आभारी आहे. असू दे, निवू दे.

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. प्रयत्न करते. पण मघापासून अनेकांनी नाकाला रुमाल लावलाय, काहींनी खिडक्या उघडल्या, उंदीर मेलाय का असंही कोणी विचारलं. म्हणून आधी खुलासा करते. उंदीर नाही. व्यासपीठाच्या पायरीशी माझ्या कोटाखाली झाकून ठेवलेली ती मावशींची खारवणाची बरणी आहे.

काय आहे त्या बरणीत? मीठ, पाणी, तिरफळं, खडीसाखर, ज्वारीच्या दारूचा एक शिंतोडा, आणि त्यात बुडवलेलं आलं, लाल मिरच्या, मुळा, चवळीच्या शेंगा. यातलं काय कोणाच्या घरात नसतं? सोया सॉस दुकानात मिळतो, व्हिनेगर मिळतं, मिरची-घेवड्याचं वाटण बाटलीत मिळतं. हे पाणी मात्र मिळत नाही. ते मावशींच्या सासूच्या बरणीतून आलं, आणि तिच्याकडे कुठून आलं हे मावशींनाही ठाऊक नाही. आपल्या जेवणातल्या माशाचा आंबटपणा, खिम्यातल्या शेंगा, परीक्षेच्या दिवसांतलं बदकाचं आणि मुळ्याचं सूप, सगळं त्याच पाण्याचं.

माझं आणि या बरणीचं जुनं वैर आहे. मी इथे भूगोल शिकवायला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात घाईघाईत एक मिरची काढायला मी बरणीत हात घातला. थोड्याच दिवसांत पाण्यावर पांढरी साय धरली. मावशी थेट माझ्या वर्गाच्या दारात आल्या. फळ्यावर नकाशा, समोर मुलं.

"पेई, हात दाखव."

मी दाखवला. त्यांनी हुंगला.

"वाटलंच. बाई, तुझा हातगुण सडका आहे. माझ्या बरणीच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस."

"अहो मावशी, हात धुतला होता मी."

"धुऊन हातगुण जातो होय? मग मी माझ्या नवऱ्यालाच धुतला नसता का रोज?"

त्यानंतर कितीतरी वर्षं मुलं मला पाहून, नासतील म्हणून, दुधाच्या पिशव्या पाठीमागे लपवायची. लुओ सर हसताहेत. सर, पाण्यात तेलाचा थेंब पडला तरी साय धरते. त्याच आठवड्यात तळलेलं डुकराचं मांस खाऊन तुपकट झालेल्या चॉपस्टिक्स बरणीत कोणी बुडवल्या होत्या? तेव्हा तुम्ही नुकतेच उपमुख्याध्यापक झाला होता, आणि उपमुख्याध्यापकांचा हातगुण कधी वाईट नसतो.

श्रीयुत मेंग, माझं तुमच्याशी भांडण नाही. तुमची पाकिटं स्वच्छ असतील, प्रत्येकावर तारीख असेल. बरणीवर नव्हती. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "कधी तयार केलं?" मावशी म्हणाल्या, "माझ्या लग्नाआधी." "टिकेल कधीपर्यंत?" "तुम्ही हात लावला नाहीत, तर तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत." झालं. बरणी आज संध्याकाळच्या आत शाळेबाहेर गेली पाहिजे, असा हुकूम आहे.

मावशी निघाल्या दूर उत्तरेला, थंडीच्या हार्बिन शहरात, लेकीकडे. गाडीत असली बरणी चढू देत नाहीत. शिवाय लेकीने बजावलंय, "आई, विसाव्या मजल्यावर वास कोंडतो. इथं सगळं पाकिटात मिळतं." म्हणून मावशींनी शिक्षकांच्या खोलीत एकेकाला विचारायला सुरुवात केली. आणि इथे, मित्रहो, माझा संयम सुटतो.

कोणाच्या बायकोला वास चालत नाही. कोणाचं स्वयंपाकघर लहान आहे. कोणी रोज बाहेरूनच जेवण मागवतं. एक सर म्हणाले, "मावशी, दोन वाट्या पाणी द्या, बरणी नको." वाट्या तुम्ही आधीही नेल्या आहेत. कुठे आहे ते पाणी? बरणीच्या गळ्याभोवती खोबणी असते, तिच्यात पाणी भरून वर वाडगा उपडा घालायचा, की हवा आत जात नाही. खोबणी कोरडी पडली की आतलं सगळं गेलं. ती रोज एकदा पाहायची, एवढंच काम. ज्याच्या घरी मावशींचं पाणी आज जिवंत आहे, त्याने हात वर करावा.

बघा.

जेवताना मात्र आपण सगळे म्हणत होतो, मावशी, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. जमत नाही, की करायचं नाही?

सगळ्यांना विचारून झाल्यावर, आज सकाळी मावशी माझ्याकडे आल्या. सगळ्यांत शेवटी.

"पेई, दुसरं कोणी उरलं नाही."

असं म्हणून कोणी कोणाला काही देतं का? मी म्हटलं, "सडक्या हाताला?"

"सडक्याच. पण रिकामा तेवढाच आहे. घाल हात."

मी घातला. पाणी गार होतं. एक मिरची काढली. मावशी मिरचीकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. ही बरणी त्यांनी मला द्यावी असं मला किती वर्षं वाटत होतं, ते मला तेव्हा कळलं. आणि ती मिळाली ती अशी, इतरांनी नाकारलेली. मला राग आला मावशी, अजूनही आहे. घरी मी एकटी. एका माणसाला असा किती मुळा लागणार? तरी मी 'नको' म्हटलं नाही, हेही तुम्ही बघितलंत.

अध्यक्षमहोदय, तुमचं घड्याळाकडे लक्ष गेलेलं मला दिसतंय. संयोजकांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचे मनापासून आभार. गोड बोलायचं कबूल करून उभी राहिले, ते निभावलं नाही. मोठ्या मनाने पोटात घाला. मावशी, प्रवासात पायांवर पांघरूण घ्या. साय धरली तर मी फोन करीन. तेव्हा माझ्या हाताला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आधी दारू किती घालायची ते सांगा.

आणि हा पेला. मी घोटभरही प्यायले नाही, याचा कोणी राग मानू नये. जिन्यावरून आणताना खोबणीतलं पाणी सांडलंय, आणि हे उकळलेलं आहे, एव्हाना निवलंही असेल. जरा वाट द्या, मला त्या पायरीपाशी जायचंय.