तीन चाव्या एका खिशात

गुणवंती : मागच्या दाराने कशाला आलात? पुढचं उघडं आहे.

रूपेश : वहिनी, कोणी बघितलं तर...

गुणवंती : दंड बसेल. माहीत आहे मला. तुमच्याच सभेनंतर ठरला तो, तोंडातोंडी. या घरात जो पाय ठेवेल त्याला दंड. आत या नाहीतर परत जा, मधे उभे राहू नका. सुकट वाळत घातलीय, तिच्यावर पाय पडेल.

रूपेश : मला 'तुम्ही' काय म्हणता? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी शाळेत होतो. 'रूपेश, नाक पूस' म्हणायचात.

गुणवंती : तेव्हा तुम्ही कोणाला वाडीच्या ग्रुपमधून काढत नव्हता.

आनंदीबाई : कोण हाय गो? कोणाशी बोलतेस?

गुणवंती : तुमच्या धाकट्या जावेचा, गंगाकाकूंचा मुलगा आलाय, आई. मुंबईचा.

आनंदीबाई : रूपेश? ये रे बाबा, हितं बस. मला आता लांबचा दिसत नाय. गंगा कशी हाय रे? समोरच्या घरात ऱ्हाते, पन दोन वर्सं तिचा शब्द नाय ऐकला. खोकते तेवढा ऐकू येतो. औषध घेते ना?

रूपेश : घेते, मोठी आई.

गुणवंती : कामाचं बोला. तुम्ही सुकट घ्यायला आला नाहीत.

रूपेश : उद्या संध्याकाळी देवळात सभा आहे. सगळ्यांनी वर्गणी घातली त्या आपल्या कॉइनचं... तुमच्या कानावर आलंच असेल.

गुणवंती : वाडीत मला कोण सांगणार? चिपळूणच्या बाजारात कळलं. बंदरावरच्या लिलावात माझ्या टोपलीवर कोणी बोली लावत नाही, म्हणून रोज एसटीने तिकडे जाते. तिथे एक दाभोळची बाई म्हणाली, तुमच्या वाडीचं नाणं बुडालं म्हणे. मी गिऱ्हाईकाला बांगडे मोजून देत होते. तशीच देत राहिले.

आनंदीबाई : बुडाला? बर्फाचा कारखाना होनार होता ना त्या पैशातनं?

रूपेश : हो. सगळे गेले, मोठी आई. चोरीला गेले.

आनंदीबाई : कुलूप फोडला?

रूपेश : तसं नाही. तो पैसा पेटीत नव्हता. इंटरनेटवर होता. त्याला पाच चाव्या होत्या, पाच माणसांकडे. पाचांतल्या तिघांनी आपापली चावी लावली तरच पैसा हलणार. एकट्यादुकट्याला हात लावता येऊ नये म्हणून.

गुणवंती : सांगा ना पुढे. त्या दिवशी सभेत मी बाहेर पायरीवर बसून ऐकलंय तुमचं भाषण. वाडीला शेठ नको, चेअरमन नको. बर्फ कोणाच्या दारात जाऊन मागायचा नाही. मुंबईचे चाकरमानी, इथले होडीवाले, सगळे सारखे. मोबाईलवर बोट दाबून मत द्यायचं. कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही अशी सिस्टिम. डिसेंट्रलाइज्ड, म्हणजे एकाच्या हातात काहीच नाही. शब्द पाठ आहे मला. चुकला का?

रूपेश : नाही.

गुणवंती : आणि पाच चाव्या कोणाकोणाकडे?

रूपेश : वहिनी, तुम्हाला माहीत आहे.

गुणवंती : आईंना माहीत नाही. त्यांना सांगा.

रूपेश : एक माझी. एक दीपकची, माझ्या मित्राची. एक वाडीचे मानकरी भिकाजी गावकर यांची. एक होडीवाल्या संदेशची. आणि एक खंडूदादाची.

गुणवंती : आणि होत्या कुठे?

रूपेश : भिकाजीकाका म्हणाले, बाबा, माझा मोबाईल दोनदा समुद्रात पडला, चावी तूच ठेव. चावी म्हणजे बारा शब्द असतात, मोठी आई. ते हरवले की संपलं. संदेशही तेच म्हणाला. होडीवर पाणी, हात ओले, खिशात मोबाईल राहत नाही. मग मी त्यांचे शब्द माझ्या मोबाईलमध्ये ठेवले. प्रेमाने दिले त्यांनी. एटीएमचा नंबरसुद्धा मलाच सांगतात ते.

गुणवंती : म्हणजे तीन लागतात, आणि तीन एका खिशात. दुसरं काय विचारलं होतं हो माझ्या नवऱ्याने, खंडूने? त्याला ते कॉइनबिइन काही कळत नव्हतं. मोबाईलवर भजनं ऐकायचा तो. सभेत उभा राहून एवढंच म्हणाला, 'रूपेश, चाव्या पाच केल्यास, मग तीन तुझ्याकडे कशा? मग हा पैसा वाडीचा की तुझा?' चोर म्हणाला नाही तुम्हाला. तुमच्या पाठीवर हात ठेवून विचारलं.

रूपेश : मला अपमान वाटला. सगळ्यांसमोर...

गुणवंती : मग मत घेतलंत. रूपेशवर भरवसा आहे की नाही. अख्ख्या वाडीने 'आहे' दाबलं आणि एकट्या त्याने 'नाही'. त्याच रात्री ग्रुपमधून उडवलंत. दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीवरचे खलाशी उतरले. भिकाजी म्हणाले, वाडीच्या विकासाच्या आड येणारा माणूस. मालक नाही म्हणे! ग्रुपमधून काढायचं बटण होतं ना तुमच्या एकट्याच्या अंगठ्याखाली?

रूपेश : वाळीत टाका असं मी कधीच म्हटलं नाही, वहिनी. आईशपथ.

गुणवंती : कोणीच म्हटलं नाही. ते उघड कोणी म्हणत नाही. कायदा आहे त्याच्यावर, पण कायद्याला दाखवू काय मी? कोणी माझ्याशी बोललं नाही, हे? शिमग्याला मी अंगण सारवलं, रांगोळी काढली. आई ओटी घेऊन दारात बसल्या. ढोल वळणापर्यंत आला. घरोघर येणारी देवीची पालखी समोर गंगाकाकूंच्या अंगणात नाचली आणि सरळ पुढे गेली. हे कुठल्या पोलिसाला सांगू? देव आमच्याकडे वळला नाही म्हणून सांगू?

आनंदीबाई : तांदूळ मुठीतच ऱ्हायले माज्या.

रूपेश : त्यासाठीच आलोय मी. यंदा पालखी येईल. भिकाजीकाकांनी शब्द दिलाय. पहिल्या दिवशीच, या दारात.

आनंदीबाई : खरा सांगतोस?

गुणवंती : थांबा, आई. बदल्यात काय पाहिजे ते अजून सांगितलं नाही यांनी.

रूपेश : उद्या सभेत... चोरी कशी झाली ते विचारतील. भिकाजीकाकांचं म्हणणं असं की, खंडूदादाची चावी बाहेर गेली असं सांगावं. तुम्ही त्याचा जुना मोबाईल चिपळूणला विकलात, तो कोणाच्या तरी हाती लागला. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची चूक नाही. एवढंच म्हणायचं.

गुणवंती : त्याचा मोबाईल त्याच्या खिशात होता. तो सापडला तेव्हा.

रूपेश : माहीत आहे.

गुणवंती : माहीत नाही तुम्हाला. तुम्ही नव्हता. एकही खलाशी मिळेना, तर एकटाच होडी घेऊन जात होता रोज. खाडीच्या तोंडावर लाट उठते तिथे दोन माणसं लागतात, एक सुकाणूला, एक जाळ्याला. तो दोन्ही करत होता. बुडाला तो अंजनवेलच्या बाजूला किनाऱ्याला लागला. आणि खांदा द्यायला माझ्या माहेरचे आले, रूपेश. चौघेही माझ्या माहेरचे. या वाडीतल्या एकाने दार उघडलं नाही. तुम्ही ग्रुपवर श्रद्धांजली टाकलीत म्हणे. ज्यातून काढलंत त्याच ग्रुपवर. फुलांचं चित्र होतं म्हणे.

रूपेश : मला पोहायला दादाने शिकवलं.

गुणवंती : मला माहीत आहे. जेटीवरून ढकललं होतं तुला. मी ओरडले होते त्याच्यावर.

आनंदीबाई : गुणवंती, म्हन की गो एवढा. मेलेल्या मानसाला काय लागता? माजा काय ऱ्हायलाय आता, एक शिमगा, दोन शिमगं. दारात पालखी बघून जाईन मी.

गुणवंती : आई!

आनंदीबाई : तुला राग येतो. मला नाय येत. माजा राग आटला. मला फकस्त ती दारात यायला हवी. दोन वर्सं बोलली नाय माज्याशी.

गुणवंती : कोण, गंगाकाकू?

आनंदीबाई : देवी गो. आनि गंगा पन.

रूपेश : मोठी आई बरोबर बोलतायत, वहिनी. सगळं पहिल्यासारखं होईल. लिलावात बोली लागेल, माणसं घरी येतील.

गुणवंती : खरी चोरी कशी झाली ते मला तरी सांग. खोटं बोलायचं तर खरं काय ते माहीत असायला पाहिजे.

रूपेश : एक मेसेज आला. अपडेट करा म्हणून. हुबेहूब आपल्या कॉइनच्या कंपनीसारखा. मी ऑफिसातून निघालो होतो, घाईत दाबलं. मोबाईलमधले सगळे शब्द गेले. माझे, काकांचे, संदेशचे. तीन चाव्या. जिना उतरून खाली येईपर्यंत पैसे नव्हते. जिन्यावरच बसलो मी.

गुणवंती : आणि हे कुठे दिसतं? कोणाची चावी लागली ते?

रूपेश : दिसतं. सगळं लिहिलेलं असतं इंटरनेटवर, कोणालाही बघता येतं. माझी, काकांची, संदेशची. दादाची चावी त्यात नाहीच.

गुणवंती : मग खोटं टिकेल कसं?

रूपेश : बघता सगळ्यांना येतं, वहिनी. बघत कोणी नाही. रूपेशने सांगितलं म्हणजे झालं.

आनंदीबाई : रूपेश.

रूपेश : हां, मोठी आई.

आनंदीबाई : पालखी दारात आली की गावकर गाऱ्हाना घालनार ना?

रूपेश : घालतील की. रीतीप्रमाणे.

आनंदीबाई : काय म्हननार तो गाऱ्हान्यात? नीट सांग. देवीला काय सांगनार माज्या दारात?

रूपेश : तेच नेहमीचं. या घरच्या लेकराकडून काही चूक झाली असेल तर...

आनंदीबाई : 'असेल तर' नाय म्हननार. भिकाजीला मी लहानपनापासून ओळखते. तो नाव घेऊन म्हननार. खंडूकडनं वाडीचा घात झाला, तो पोटात घाल, लेकराबाळांना सुखी ठेव. आनि सगळी वाडी म्हननार, 'होय महाराजा'.

रूपेश : म्हणतील.

आनंदीबाई : आनि मी? ओटी हातात घेऊन मी काय म्हनायचा? माज्या पोराच्या नावानं खोटा सांगतील तिला, आनि मी पन म्हनू, 'होय महाराजा'?

रूपेश : मोठी आई, रडू नका.

आनंदीबाई : रडत नाय. डोळ्यातनं पानी येता माज्या, दिवसभर येता. मला नको ती पालखी. अशी नको. तो सभेत नाय म्हनाला ना? मला तेव्हा त्याचा राग आला होता. म्हटला, सगळ्यांनी व्हय म्हटला, तुजा काय जात होता? त्याला तसा बोलले पन मी. जेवत होता, ताट सारून उठला.

गुणवंती : राहू द्या, आई.

आनंदीबाई : आता मी नाय म्हनते. त्याला ऐकू जाऊ दे नायतर नको.

रूपेश : मग मी काय करू? तुम्ही सांगा. मी उद्या उभा राहून खरं सांगितलं, तीन चाव्या माझ्याकडे होत्या, माझ्या बोटाने गेले, दादा खरं बोलत होता... मला मारतील, मारू दे. मी मुंबईला निघून जाईन. पण माझी आई? ती तिकडे येत नाही. चार दिवस ठेवली तर खाडी दिसत नाही म्हणून रात्रभर उठून बसते. ती इथेच राहणार. आणि हीच माणसं तिच्याशी हेच करणार. तिच्या दारात पालखी वळणार नाही. तिला दुकानात मीठ देणार नाहीत. तुम्हाला हेच पाहिजे का, वहिनी? हिशोब फिटेल का तुमचा?

गुणवंती : फिटायला काय आहे? मी तुझ्या आईचं वाईट चिंतलं नाही कधी. रोज सकाळी ती अंगण झाडते तेव्हा मीही झाडते. मान वर करत नाही दोघीही. मला कळतंय तिच्यावर काय येईल ते. या वाडीत माझ्याइतकं कोणाला कळणार? तरी सांगते, बोल. भिकाजीला घाबरून नको, देवीला घाबरून नको. आमच्यासाठी तर मुळीच नको, आमचा माणूस येत नाही परत. पण उद्या तू गप्प बसलास, तर पुढच्या वेळी कोणी पोर उभं राहून साधं विचारणार नाही, हे असं का म्हणून. तुझ्या त्या कंपनीत काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्याकडे त्याला भीती म्हणतात, आणि ती सगळ्यांत सारखी वाटलेली आहे. ती मात्र खरी डिसेंट्रलाइज्ड.

रूपेश : मला उभं राहता येईल का, वहिनी?

गुणवंती : त्यालाही पटकन आलं नव्हतं. पायरीवरून मला त्याचे पायच दिसत होते.

रूपेश : सांगेन मी. उद्या. माझ्या तोंडाने.

आनंदीबाई : उद्या नको. आधी घरी जा आनि गंगाला सांग. सभेत दुसऱ्याच्या तोंडून तिला कळायला नको.

रूपेश : काय सांगू तिला?

आनंदीबाई : सांग, पयला शिमगा लय जड जातो. ढोल दारावरनं फुडं जातो, ओटी हातातच ऱ्हाते. मग सवय होते... नाय, सवय नाय होत. खोटा नको सांगू. पन मी समोरच हाय म्हनावा. सांग तिला, आता बोलू आपन.