मक्यातून एक चक्कर

हसू नका, पण स्केट्स घालून मला एकदा खरंच उडाल्यासारखं वाटलं होतं. लासूर स्टेशनच्या रस्त्यावर नवंकोरं डांबर, विरत चाललेलं धुकं, आणि चाकांचा आवाजसुद्धा ऐकू येईना. मला स्केटिंग शिकवणारा इलियास मागून येत होता. त्याचा एकच नियम: "वाळू-खडी आली तर ब्रेक मारायचा नाय. गुडघे वाकव, एक पाय पुढं, आन् जाऊ दे."

पुढं रस्त्यावर कोवळं ऊन सांडलेलं दिसलं. म्हटलं, जाऊ त्यातून.

"मका हाय रे!" इलियास ओरडला.

तोवर चाकं वाळत घातलेल्या मक्यात शिरली होती. गुडघे वाकवून मी अर्ध्यापर्यंत तरंगत गेलो आणि दाण्यांवर अलगद बसलो.

पलीकडं एक मावशी मका खालीवर करायला त्यातून पाय ओढत चालली होती. ती धावत आली.

"लागलं का रं?"

"नाय मावशी. तुमचा मका नासला का?"

तिनं माझ्या मागं उमटलेल्या दोन लांब चऱ्या निरखून पाहिल्या.

"नासतोय कशाचा? एवढी बाजू झाली. ऊठ, आता तिकडनं बी एक चक्कर मार."