कर्ण्यातला लियाकत

...आन वर आमची सून मलाच म्हनती, "अब्बा, मशिनची काही चूक नाही, त्याला सांगितलं तेवढंच त्यानं केलं." आता तुमाला सांगतो, आमच्या घरात सांगितलं तेवढंच करनारं आजवर कुनी जन्माला आलं न्हवतं, त्यामुळं त्याच्यावर राग धरायचा का त्याची पाठ थोपटायची, हेच मला कळंना...

थांबा, पयल्यापासनं सांगतो. मी लियाकत. निरवांगीच्या अलीकडं आमची वस्ती हाय, वस्तीला पाण्याची टाकी, टाकीवर कर्णा, आन त्या कर्ण्यातनं कैक वर्सं माझाच आवाज. नळाला पाणी सकाळी सहाला सुटतं. सुटलं की मी माईकवर सांगायचो, "पाणी सुटलं हो, भांडी लावा." बास, एवढंच. पण ते सांगावंच लागतं, कारन वस्तीच्या टोकाला, चढावर, कौसल्याकाकू एकट्या ऱ्हात्यात, आन त्यांच्या नळाला पाणी चढतं ते पयल्या धारंला, खालच्यांनी तोट्या सोडायच्या आत. जरा उशीर झाला की नुसता वारा... फुसफुस.

तर माझा घसा बसला. बारामतीच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, म्हनले, बारीक गाठ हाय, साधी हाय, पण मोठ्यानं बोलायचं बंद. मी म्हनलं, किती दिवस बंद, आन बंद म्हंजे पुरतं बंद का कर्ण्यावरचं बंद, आन घरात बोललेलं चालतं का, का ते बी... डॉक्टर म्हनले, हेच, हेच बंद. आमची रशीदा, म्हंजे बायको, त्या डॉक्टरकडं अशा नजरंनं बघत हुती, का देवमानूस भेटला.

मग सून पुढं झाली. शाहीन. आमच्या मुजम्मिलची बायको, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करती. म्हनली, अब्बा, तुमचा आवाज एकदा भरून घेऊ, मी एक स्क्रिप्ट लिहिते, रोज सहाला आपोआप वाजेल. स्क्रिप्ट म्हंजे काय, तर मशिनला एकाखाली एक लिहून दिलेली कामं. हे कर, मग ते कर, मग गप बस. पेढ्याच्या पुड्याएवढा कॉम्प्युटर तिनं टाकीखालच्या खोलीत अँप्लिफायरला जोडला, आन मला बजावलं, अब्बा, काही झालं तरी ह्याची वायर उपटायची नाही, आतलं कार्ड खराब होतं. मी म्हनलं, मी कशाला उपटतोय?

पयल्या सकाळी मी हातरुनात पडून कान लावला. सहा वाजले. काय न्हाय. पाणी मातुर सुटलं, कारन व्हॉल्व्ह फिरवनारा दिग्विजय काय स्क्रिप्टवर चालत न्हाय. शाहीननं लॅपटॉप उघडला आन म्हनली, परवानगी नाही. मी म्हनलं, कुनाची? आवाज माझा, अँप्लिफायर माझा, सून माझी, परवानगी कुनाची पायजे? तर म्हनं फाईल लिहिली, पण 'ही चालवायची फाईल हाय' असं मशिनला सांगायचं ऱ्हाऊन गेलं, म्हनून ती नुसती पडून ऱ्हायली. त्याला सांगितलं तेवढंच त्यानं केलं.

बरं. परवानगी दिली. दुसरी सकाळ. पुन्हा सामसूम. ह्या येळंला पडद्यावर इंग्रजीत काय तरी आलेलं. मी म्हनलं, वाच. ती वाचंना. मी म्हनलं, अगं वाच की. मग तिनं खाली बघत वाचलं, "लियाकत... असं काही अस्तित्वात नाही."

आता मला सांगा, मी हितं उभा, लुंगी सावरून, आन ते म्हनतंय अस्तित्वात न्हाय. झालेलं काय, तर फाईलचं नाव तिनं ठेवलेलं 'लियाकत पाणी', आन मदी मोकळी जागा. मशिनला वाटलं ह्या दोन फायली हायत. ते आदी लियाकतला शोधत बसलं, मग पाण्याला. दोनी घावंनात. नाव अवतरणचिन्हात घातलं की झालं, म्हनली.

पन त्या सकाळी कौसल्याकाकू आल्या. रिकामी कळशी आमच्या उंबऱ्यापाशी ठिवली, ओरडल्या न्हाईत, काय न्हाय, नुसत्या टेकल्या. म्हनल्या, "लियाकत, तुज्या घशाला काय बी झालं तर मला आदी सांगत जा बाबा. मी आवाजावर उठती." रशीदानं आमच्या पिपातलं पाणी त्यांच्या कळशीत वतलं. शाहीन दारात उभी हुती. तिचा चेहरा उतरला, आन त्या दिवशी कंपनीचं काम बाजूला ठिवून ती टाकीखाली जाऊन बसली. हातानं चालवून बघितलं, वाजलं. पुन्हा चालवलं, पुन्हा वाजलं. वेळ लावून दिली आन म्हनली, अब्बा, उद्या निवांत झोपा.

दुसऱ्या दिवशी सहाला कर्णा बोलला. "पाणी सुटलं हो, भांडी लावा." काय सांगू तुमाला, माझाच आवाज, पण लांबनं ऐकताना असा भारदस्त वाटला... मी रशीदाला म्हनलं, ऐकलंस? तेवढ्यात पुन्हा, "पाणी सुटलं हो, भांडी लावा." मी म्हनलं, आसंल, एखाद्यानं ऐकलं नसंल म्हनून. पुन्हा. मग पुन्हा. मिनिट झालं की "पाणी सुटलं हो", मिनिट झालं की "भांडी लावा".

मी तसाच टाकीकडं पळालो. शाहीनला फोन लावला तर ती पायात चपला घालत हुती. वायर डोळ्यापुढं, हात तिच्यावर ठिवलेला, पण उपटायची न्हाय, कार्ड खराब हुतं. मी बाहीर येऊन उभा ऱ्हायलो, वर कर्णा, खाली मी. दिग्विजय व्हॉल्व्हवरनं आला, हात जोडले, म्हनला, "लियाकतभाई, गप बसा की आता, लोकं ताटल्या भरायला लागल्यात."

मी म्हनलं, "मी गपच हाय."

आन वर मी बोलत हुतो.

शाहीन आली, तिनं ते रीतसर बंद केलं आन तितंच पायरीवर लॅपटॉप उघडला. वेळ लिहायची तवा पयल्या खान्यात मिनिटं आन दुसऱ्यात तास लिहायचे असत्यात. तासाला तिनं सहा घातले, पण मिनिटाच्या खान्यात चांदणीची खूण तशीच ऱ्हायली. चांदणी म्हंजे म्हनं 'दर'. सहा वाजता, दर मिनिटाला. तितं शून्य पायजे हुतं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हनली, "त्याला सांगितलं तेवढंच..." आन खुदकन हसली. मग मला बी हसू आलं.

कौसल्याकाकूंकडं जाऊन माफी मागितली. त्यांच्या अंगनात बघतो तर हंडे, पातेली, तांब्या, पिठाचा डबा सुदीक, समदं काठोकाठ. म्हनल्या, "तू सांगतुयास आन मी कशी बसून ऱ्हाऊ? पन आज लई आग्रह केलास बाबा."

आता समदं ठीक हाय. रोज सहाला, एकदाच. पन लोकांचा इश्वास बसंना. कर्णा बोलला की माझा फोन वाजतो, लियाकतभाई, खरंच सुटलंय का ते आपलं बोलतंय? मग मला एकेकाला समजावून सांगावं लागतं, ती परवानगी, ती मोकळी जागा, ती चांदणी... हळू आवाजात सांगतो, पन सांगतो. परवा पळसदेवच्या पाव्हण्याला सांगत हुतो, तर च्याचं पार पाणी झालं. रशीदा बराच येळ दारात उभी हुती. शेवटी शाहीनला म्हनली, "बेटा, कर्ण्यातला एकदा सांगतो आन गप बसतो. ह्यांच्यात ते शून्य कुठं घालायचं गं?"

शाहीननं लॅपटॉपवरनं मान बी वर केली न्हाय. म्हनली, "अम्मी, ही स्क्रिप्ट माझी नाही. मला तशीच मिळाली."

...मी आपला गार च्या पिऊन टाकला.