माळ परत घेताना

(गावच्या सरपंच जनकाबाई यांची ओसरी. माळावरची लष्करी छावणी उठणार आहे. ती कशी हलवायची, तो आराखडा घेऊन सुभेदार हरिचंद आलेत.)

हरिचंद : …सोमवारी दारूगोळा निघेल, मंगळवार-बुधवारी दोन्ही तुकड्या. ट्रक सरळ वारंगा फाट्याला लागतील. शुक्रवारी आम्ही शेवटचे अकराजण. झेंडा उतरवायचा, माळ तुमच्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात. तेवढा रस्ता मोकळा ठेवा, सरपंचबाई.

जनकाबाई : गुरुवारपस्तोर मोकळाच हाये. शुक्रवारी न्हाई.

हरिचंद : म्हणजे?

जनकाबाई : उतारावर गावातले समदे ट्रॅक्टर आडवे लावनार. तीनशे बंदुका आमचं ऐकत नव्हत्या. अकरा मानसं ऐकतील.

हरिचंद : चाळीस वर्षांनी जमीन परत मिळतेय. सुखानं घ्या की.

जनकाबाई : चाळीस वर्सं आमच्याच माळावर गुरं न्यायला तुमचा परवाना. तुमचंच राज. तेबी सोसलं. पन आमचे मालक म्हशीमागं गेले, आन् तुमच्या सरावाची गोळी लागून खाटेवर मढंच घरी आलं.

हरिचंद : वसराम. आठवतात मला.

जनकाबाई : मंग कागदावर काय लिवलं, तेबी आठवत असंल.

हरिचंद : ‘इशारा असताना चोरून आत शिरला.’

जनकाबाई : इशारा म्हंजी लाल बावटा. गोळीबाराआधी लावायचा. व्हता का त्या दिशी?

हरिचंद : बावीस वर्षं झाली, बाई.

जनकाबाई : व्हता का?

हरिचंद : पहाऱ्यावरच्या शिपायानं होता म्हणून सांगितलं.

जनकाबाई : त्याचं नाव त्याच कागदावर हाये. बावीस वर्सं वाचत आले मी. तुमचे साहेब म्हनले, बोलनी कराया कप्तान धाडतो. मी म्हनलं, न्हाई. हरिचंदच पायजे.

हरिचंद : …वीस वर्षांचा होतो. डोळा लागला माझा. बावटा गुंडाळलेलाच राहिला. वरचे म्हणाले, होता म्हण.

जनकाबाई : आन् तुमी म्हनलात. माझी मिना साळंतून रडत यायची. पोरं तिला चोराची लेक म्हनायची.

हरिचंद : हात जोडतो. माफ करा.

जनकाबाई : न्हाई करनार. लिवून द्या. सोताच्या हातानं, नावनिशी. तवाच ट्रॅक्टर हलतील.

हरिचंद : दीड वर्षात निवृत्त होतोय. हे वर गेलं तर नोकरी, इज्जत, सगळं जाईल.

जनकाबाई : जाऊ द्या. आमचं गेलं तवा कोनी इचारलं?

हरिचंद : सूड उगवताय तुम्ही.

जनकाबाई : व्हय. हा घ्या पेन.

(हरिचंद पेन घेऊन लिहू लागतात.)

जनकाबाई : तारीखबी टाका. त्या दिशीची.

हरिचंद : मला ती पाठ आहे. …घ्या. वाचून बघा.

जनकाबाई : मला कशापायी? आत आमच्या मालकांची आई बसली हाये. तिला कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं वाचा.