फियाटमधला टेप

भागुबाई : गाडी घ्यायला आलाय म्हनता, अन् अजून बॉनेट उगडून बगितलं न्हाई.

शार्दूल : बघतो ना, मावशी. आधी आतून बघून घेत होतो.

भागुबाई : आतनं न्हाई, टेप बगताय. सीट फाटलीय ती दिसली न्हाई, दाराला कडी न्हाई ती दिसली न्हाई. आल्यापासनं नजर त्या टेपावर.

शार्दूल : बरं, खरं सांगतो. मला गाडी नकोय. टेपच हवाय.

भागुबाई : आत्ता कसं! मागं दोघं आलते, त्येंनीबी आदी गाडीच मागितली. मग हळूच टेपावर आले. सोनं भरलंय का वो त्यात?

शार्दूल : सोनं कसलं! हल्ली लोक जुन्या गाड्या हौसेनं दुरुस्त करून घेतात. मग आत त्या काळचाच टेप पाहिजे असतो. तीच गोल बटणं, तोच पिवळा दिवा. लहानपणी मागच्या सीटवर बसून ऐकलेला असतो ना. आता असले कुणी बनवत नाही. माझ्याकडे तळेगावला भिंतभर आहेत.

भागुबाई : भिंतभर हायती, मग ह्यो कशाला?

शार्दूल : हा सहसा मिळत नाही.

भागुबाई : आन् ह्यो हितं कुरवंड्यात, माज्या गोठ्यात हाय, ह्ये कुनी सांगितलं?

शार्दूल : तुमच्या नातीनं व्हिडिओ टाकला होता, या गाडीत बसून. तेजलच ना ती?

भागुबाई : नातीचं नावबी ठावं! आदी भाईर या. उतरा गाडीतनं.

शार्दूल : उतरतो. पण एक विचारू? हा टेप तुमच्याकडे आला कुठून?

भागुबाई : मालकांनी आनला. लोनावळ्याला ठेसनावर हीच टॅक्सी व्हती त्येंची. रखमाजी म्हनून कुनालाबी इचारा.

शार्दूल : कुठून आणला पण?

भागुबाई : कुटनंबी आनंल. तुमी पोलीस हाय का?

शार्दूल : त्या झाकणाच्या कोपऱ्यात 'शा' कोरलंय, मावशी. ते मी कोरलंय, तिसरीत असताना, सेफ्टी पिननं. शार्दूलचा 'शा'. हा माझ्या बाबांच्या गाडीतला टेप आहे. मामानं मस्कतहून आणलेला. घाटात बाबांना अपघात झाला आणि मोडक्या गाडीतून कुणीतरी हा काढून नेला. आमच्या घरात वर्षानुवर्षं तेच बोलणं. माणूस रक्तात पडलाय, आणि लोकांना टेप सुचतो.

भागुबाई : म्हंजी माजा मालक चोर.

शार्दूल : मी तसं म्हटलं नाही.

भागुबाई : मग म्हनायचं ऱ्हायलं काय? आन् तेबी त्येच्याच अंगनात उभं ऱ्हाऊन! वडलांचं नाव काय तुमच्या?

शार्दूल : श्रीपाद.

भागुबाई : उंच. डाव्या हाताला पलिस्तर. एका हातानं कप-बशी सावरंना, तर बशी म्या धरली.

शार्दूल : तुम्ही बाबांना कुठं पाहिलंत?

भागुबाई : हितंच, ह्या वट्यावर. घाटात ट्रकनं उडिवलं तवा समद्या गाड्या बाजूनं निगून गेल्या. ह्ये थांबले. पाशिंजर उतरिवले, तुमच्या वडलांना मागच्या सीटवर घातलं अन् दवाखान्यात नेलं. त्या धावपळीत टॅक्सीची दारं उगडीच ऱ्हायली. भाईर येऊन बगतात तर टेप गायब. आमचा. नवा घेतल्याला.

शार्दूल : म्हणजे चोरी तुमच्याकडे झाली?

भागुबाई : मग? वर पोलिसांनी ह्येंनाच बसवून ठिवलं, तूच ठोकलंस म्हनून. तुमचे वडील सुद्दीवर येऊन बोलले तवा सुटले. बरं झाल्यावर तेच मेकॅनिकला घिऊन आले अन् ह्यो टेप बसवून दिला. ह्ये नको नको म्हनत व्हते. जाताना वडील म्हनले, घरी कळू देऊ नका, मेव्हन्याची वस्तू हाय.

शार्दूल : राग मानू नका मावशी, पण मामाचं मी आत्ताच सांगितलं तुम्हाला.

भागुबाई : आन् पलिस्तर?

शार्दूल : अपघात म्हटल्यावर प्लास्टर कुणीही म्हणेल.

भागुबाई : तर मग वडलांनाच इचारा.

शार्दूल : ते नाहीत आता.

भागुबाई : आमचेबी न्हाईत. आई हाय?

शार्दूल : आहे.

भागुबाई : लावा फोन. माज्यासमोर. आन् आवाज मोटा करा, मलाबी ऐकू दे.

(शार्दूल फोन लावून गाडीच्या टपावर ठेवतो.)

पद्मजा : बोल रे. जेवलास का?

शार्दूल : आई, बाबांच्या गाडीतला मस्कतचा टेप सापडलाय.

पद्मजा : कुरवंड्याला?

शार्दूल : तुला कसं माहीत?

पद्मजा : बाबांना दवाखान्यात पोचवणारे रखमाजी कुरवंड्याचेच ना. टेप दुसरीकडे कुठे असणार?

शार्दूल : पण तो तर चोरीला गेला होता!

पद्मजा : गॅरेजमध्ये गाडी बघितली होती मी. तारांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली, स्क्रू एका डबीत घालून ठेवलेले. चोर कधी एवढा नीटनेटका असतो?

शार्दूल : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

पद्मजा : बाबांना वाटत होतं, चोरीचं मला पटलंय. वाटू दिलं. माझ्या दादाला, तुझ्या मामाला, कळलं असतं तर तो टेप परत मागायला गेला असता. तू कशाला गेलायस तिथे?

शार्दूल : विकत घ्यायला.

पद्मजा : शार्दूल, काय बोललास तू त्यांना?

भागुबाई : चोर म्हनला, बाई. तोंडानं न्हाई, पर म्हनला.

पद्मजा : रखमाजींच्या घरच्या का तुम्ही?

भागुबाई : व्हय. भागुबाई.

पद्मजा : मी माफी मागते त्याच्या वतीनं. मीच त्याला आधी सांगायला हवं होतं. रखमाजी...

भागुबाई : गेले. हातरुनाला खिळेस्तोवर रोज सांजच्याला ह्या गाडीत बसायचे, टेप लावून. टॅक्सी सुटली, पर गाडी मोडू दिली न्हाई.

शार्दूल : मावशी, चुकलं माझं. टेप राहू दे इथेच.

भागुबाई : ऱ्हाऊ दे म्हनायला तुमचा हाय का त्यो?

पद्मजा : भागुबाई, मी एकदा येऊ का? काही न्यायला नाही. नुसतं त्या गाडीत बसायचंय.

शार्दूल : मी घेऊन येईन तिला. चालेल ना, मावशी?

भागुबाई : तुमी या की, बाई, कवाबी या. ह्येला घरी ठिवा, अन् ठेसनावरनं रिक्षा करा.