भाडं, मावशींसकट

— नाही नाही, बसा ना हेन्रिक सर, तीच खुर्ची घ्या, तिथे कोणी बसत नाही — म्हणजे सध्या घर रिकामंच आहे ना, म्हणून. तर मी कुठे होते? वीज. वीज वेगळी, मीटर फिरेल तसे पैसे, सरकारी दराने; या गल्लीत परदेशी माणसाकडून जास्तीचे उकळणारे आहेत, मी नावं घेणार नाही, पण इथे तसलं काही नाही. पाणी भाड्यातच. इंटरनेट भाड्यातच. मावशी भाड्यातच — हो, त्याच, स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या आहेत त्या. केरवारा, फरशी, धुणं, भांडी, सगळं त्या बघतात, आणि राहतात मागच्या खोलीत, जिन्याच्या पलीकडे, त्यांचा आवाजसुद्धा येणार नाही तुम्हाला. खोकतात थोड्या. पावसाळ्यात. पण दार लावून खोकतात.

महिन्याला पंचाहत्तर लाख डोंग. दचकलात? सगळेच दचकतात, शून्यं बघून — आम्ही बाजारात शेवटची तीन शून्यं उच्चारतही नाही, तुम्हीही आठवड्याभरात विसराल. दोन मजले, वर दोन खोल्या, गच्चीवरून समुद्र, आणि तेवढ्यात तुमच्या गावी काय येतं? गाडी उभी करायची जागा? — बघा, तुम्हीच म्हणालात! तुम्ही बघून आलात त्या व्हिडिओत मी हेच म्हटलंय. हो, तो आवाज माझाच. चेहरा दुसऱ्या मुलीचा आहे, मला कॅमेऱ्यासमोर घाम फुटतो, पण ‘क्वी न्यॉनमध्ये महिनाभर राजासारखे राहा’ हे मीच लिहिलं, मीच बोलले. खोटं नाही हं त्यात काही. माशाच्या वड्या घातलेल्या शेवयांचा वाडगा पस्तीस हजारांना, कॉफी पंचवीसला — मी कॉलेजात होते तेव्हा दहाला मिळायची, पण तुमच्यासाठी पंचवीस म्हणजे काय! — भाजीचं तर विचारूच नका. मी? माझं काय? मी हॉटेलच्या काउंटरवर असते, दुपारपाळीला. पगार — नाही, पंचाहत्तर नाही मिळत. पंचाहत्तरच्या बराच खाली. पण आमचं वेगळं असतं ना सर. आम्हाला कमी लागतं.

अगं बाई! — काही नाही, काही नाही, वाऱ्याने दार आपटलं. मी अशीच दचकते, लहानपणापासून, गल्लीत हॉर्न वाजला तरी माझ्या हातातलं सांडतं. थांबा हं, मावशींना लावायला सांगते ते. त्यांना तुमची भाषा येत नाही, तुम्हाला आमची — तेच बरंय. आई, तू अशी टक लावून बघत उभी राहू नकोस गं त्यांच्याकडे, हातात फडकं तरी घे काहीतरी. आणि डोळे पूस. संध्याकाळी दादाचा सायगॉनहून फोन येईल, भाडेकरू ठरला नसेल तर तो घर विकायला काढणार, मग तू त्याच्या सातव्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या, खाली उतरायचं म्हटलं तर कुणीतरी न्यायला हवं. तुला इथे राहायचंय ना? मग एवढा वेळ नीट कर, आई. — पाणी आणायला सांगितलं मी त्यांना, तुमच्यासाठी. हो, बरंच बोलले मी. आमच्या भाषेत पाणी मागायला जरा वेळ लागतो.

हे? हे जेवण — हे तुमच्यासाठी. म्हणजे घर बघायला कोणी आलं की करतात आमच्याकडे. हो, एवढं. उकडलेली कोंबडी, तळलेल्या गुंडाळ्या, बांबूच्या कोंबांचा रस्सा, आणि केळीच्या पानातले ते काळे चिकट गोळे, आत नारळ आणि मूगडाळ, आमच्या भागातच होतात ते. पहाटेपासून खपली ती — त्या. मावशी. घ्या ना! हातानेच घ्या, काटा नाहीये इथे — अं, आता घेतलंतच तर — नाही, तसं उदबत्त्या संपेपर्यंत थांबतात. आधी ते जेवतात, मग आपण. ते म्हणजे वर फोटोतले, घरचे मोठे. मालक. अहो, परत ठेवू नका, ते तर त्याहून वाईट, खाऊन टाका! — आई, खाऊ दे गं. त्यांना माहीत नव्हतं, मी आधी सांगायला हवं होतं. — काय? — मावशी म्हणतायत, जेवू दे त्यांना. म्हणतायत, त्यांना एकट्याने जेवायला कधी आवडलंच नाही. त्यांना म्हणजे फोटोतल्यांना.

फोटोतल्यांचं नाक माझ्यासारखं? छे हो. समुद्राकाठी सगळ्यांची नाकं अशीच, वाऱ्याने चपटी झालेली. बाबांचं तर — या घरच्या बाबांचं, सगळी गल्लीच त्यांना बाबा म्हणायची — होडी होती त्यांची, निळी, आणि स्वयंपाक त्यांना अजिबात यायचा नाही, पण मासा कापून द्यायचे असा, की काटा शोधून सापडायचा नाही. असं ऐकलंय मी. आज त्यांची तिथी आहे. नाही, तुमच्या येण्यामुळे काही बिघडलं नाही, बिघडलं ते माझ्यामुळे. यंदा आमच्याकडे सहावा महिना दोनदा आलाय, एक नेहमीचा, एक अधिक, आणि मी धरून चालले की तिथी दुसऱ्या सहाव्यात. ती पहिल्यात करायची असते हे बाजारातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी शिकलेली ना, मी मोबाइलवर बघितलं. सकाळी आले, घर दाखवायच्या आधी जरा आवरून घ्यावं म्हणून, तर कोंबडी चुलीवर. आणि तुम्ही तर उद्या दा नांगला चाललात, तिथली दोन घरं बघायला. मग काय करणार? मी म्हटलं, राहू दे, आपण म्हणू पाहुणचार आहे. आपण म्हणजे मी आणि मावशी.

मालकीण? मालकीण — आहेत. नाहीत. म्हणजे इथे नाहीत. तुमच्या आधी एक जोडपं आलं होतं, तुमच्याच बाजूचं असेल, घर फार आवडलं त्यांना, गच्चीत फोटोबिटो काढले, पण मालकीण मागच्या खोलीत राहते म्हटल्यावर चेहरेच पडले दोघांचे. म्हणे सतत कोणाचा तरी डोळा असल्यासारखं वाटेल. बरोबरच आहे, तुम्ही लोक मोकळं राहायला येता. म्हणजे तेव्हा राहायची मालकीण. आता नाही राहत. आता मावशी राहतात. मी त्यांना विचारलं होतं हं नीट बसवून, की कामवाली म्हणून सांगितलं तर चालेल का तुम्हाला, वाईट नाही ना वाटणार, तर हसायलाच लागल्या — इतकी वर्षं या घरात फुकट झाडलं, म्हणाल्या, आता निदान हुद्दा तरी मिळाला! पगार किती धरलास, असंही विचारलं. चेष्टेखोर आहेत फार. फुकट म्हणजे — फार जुन्या आहेत ना त्या इथे. घरच्यासारख्या. अगदी घरच्यासारख्या.

आणखी रस्सा घ्या. विचारा ना, काहीही विचारा.

मावशींशिवाय?

नाही, कळला मला प्रश्न. तुम्ही स्वतः केर काढता. बायको गेल्यापासून सगळं स्वतःच करता, हो, दिसतंच ते, वाडगासुद्धा किती नीट ठेवलात. आणि मागच्या खोलीत सायकल राहील, तुमचं ते रंगांचं सामान राहील. बरोबर आहे. पेन्शन ठरलेली, महिन्याला हात आखडूनच घ्यावा लागतो, मला काय माहीत नाही का ते. तर मावशींशिवाय — पंधरा. पंधरा लाख कमी होतील. साठ. — साठ म्हटलं का मी? हो. म्हटलं. हॉटेलात सवय लागते हो, दिवसभर तेच, नाश्त्याशिवाय किती, खिडकीशिवाय किती, समोरचा ‘शिवाय’ म्हणाला की आकडा तोंडात तयारच असतो, विचार मागाहून पोचतो. नाही, म्हणजे बदलत नाहीये मी. एकदा सांगितलेला भाव मी कधी बदलत नाही, तुम्ही व्हिडिओखाली सगळ्यांचे अभिप्राय वाचा हवं तर. आणि दादाला तर काय, भाडेकरू मिळाल्याशी — मालकांच्या मुलाला म्हणतेय मी. त्याला फक्त भाडेकरू मिळाल्याशी मतलब. साठ काय नि पंचाहत्तर काय. त्याच्याकडे जागा आहे. मावशींना ठेवून घेईल तो. जाळ्या आहेत खिडक्यांना, पण हवा येते म्हणे.

हात? हो, हो, मिळवते ना. गार आहे, हो. पंख्याखाली बसलेय म्हणून. — आत्ता सांगू त्यांना? आत्ताच? मी संध्याकाळी — नाही, तुमचं बरोबर आहे. आधी सांगितलेलं बरं, त्यांना दुसरीकडे बघायला वेळ मिळेल. चांगले आहात तुम्ही सर, खरंच सांगते, बाकीचे एवढाही विचार करत नाहीत. सांगते. आपण बसलोय ना, तुमच्यासमोरच सांगते. आई. — आई, इकडे ये. ते म्हणतायत — हे सर म्हणतायत ना — जेवण फार छान झालंय.

बघा. हसल्या. म्हणजे हो, चालेल त्यांना. काय म्हणाल्या? काही नाही, तुम्ही बारीक आहात म्हणाल्या, चार गोळे बांधून देतायत बरोबर. घ्या, दोन्ही हातांनी घ्या, त्या दोन्ही हातांनी देतायत ना. तोंडभर आशीर्वाद देतायत तुम्हाला, ते मी सांगत बसत नाही. आता या तुम्ही, सर. नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत नाही येत मी, सरळ जा, डावीकडे समुद्र. या. — या ना आता.