सगुणाच्या दारातली हाक

ऐका रे. हौसाचा पोरगा वसंता अजून घरी आलेला नाही. तो येईतो हिचं अंगण रात्री रिकामं राहायचं नाही, ही आपल्या वाडीची रीत. ही रीत पडली कशी, ते सांगते. हौसा, तूही ऐक. आधी चहा घे, निवतोय.

माझी सासू चंद्राबाई. आम्ही आत्याबाई म्हणायचो. आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करायची. तेव्हा ओढ्यापल्याडच्या सगुणाचा नवरा, बाळकू, बाजाराला गेला तो परतलाच नाही. सगुणा पोटुशी, घरात एकटी. चकव्याला असलंच घर लागतं बघा. हरवलेल्या माणसाच्या आवाजात हाक मारतो. ओ दिली की गेलं माणूस त्याच्यामागं. आणि जिचा नवरा हरवलाय, ती ओ देणार नाही होय? मी पण दिली असती.

म्हणून आत्याबाई जेवण उरकून, काखेत वाकळ मारून, कंदील घेऊन निघाल्या सोबतीला. ओढा ओलांडला. करंजाचं झाड आलं. पुढं गेल्या, परत करंज. वळल्या, परत तेच करंज. मग कंदील विझला. वारा नाही, काही नाही, आपला आपण विझला. आणि पुढं बाळकू उभा. पाठमोरा.

"वैनी, मी आलोय की. तुम्ही जा माघारी. सगुणाला मीच हाक मारतो."

निघाला की तिच्या दाराकडं!

आता चकवा लागला की खाली बसावं, उजाडेपर्यंत हलू नये, म्हणजे जीव वाचतो. आत्याबाईंना ठाऊक होतं. पण त्या बसल्या तर सगुणा जाणार. नाही बसल्या. पदर खोचला आणि ओरडल्या, "सगुणा, ओ देऊ नको गं, मी येतेय!"

वाडीनं ऐकलं. आधी रामा सुताराच्या अंगणातून आवाज आला, मग खालच्या आळीतून. बाया, बाप्ये, कच्चीबच्ची, सगळी ओरडाय लागली, "सगुणा, आम्ही येतोय!" चकव्याला एका माणसाचा आवाज काढता येतो. अख्ख्या वाडीचा कसा काढील? वाडी मागं, सगुणाचं घर पुढं; आत्याबाईंनी वाडीच्या आवाजाकडं पाठ केली आणि सरळ चालत सुटल्या.

सगुणाचा एक पाय उंबऱ्याबाहेर. तोंड उघडलेलं. आत्याबाईंनी दंड धरून आत ओढली. त्या रात्रीपासून वाडी तिच्या अंगणात झोपायला लागली, तीच ही रीत.

बाळकू कधी आला नाही. खोटं कशाला सांगू? पण सगुणा जगली, पोटातलं पोर वाढवलं. ते पोर म्हणजे ही आपली हौसा.

त्या करंजाच्या वाटेनं रात्री एकट्यानं कधी जाऊ नका. आणि हौसा, दारात वसंताची हाक आली तर तू गप राहा. ओ आम्ही सगळी मिळून देऊ. चकवा असला तर पळेल. खरा वसंता असला तर आमचा गलका ऐकून हसत आत येईल.

सरका रे जरा, वाकळा अंथरा.